माठाचं तोंड

२ डिसेंबर १९९८, बुधवार

आज नयनाने आठवीच्या वर्गात चिंध्या वाटल्या. चित्रकलेच्या तासाला! कुणा परदेशी बाईने म्हणे जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून भिंतीएवढाली चित्रं केली आहेत. त्यातल्या एकाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता. मुलांना विचारलं, "ह्यात तुम्हाला काय दिसतं?" मुलं काय, तोंडाला येईल ते बोलतात. एकाला ढग दिसला, एकाला सांडलेली कढी. ती प्रत्येकाला "अरे वा!" म्हणत होती. कढीलासुद्धा.

ती मुलांना वरच्या मजल्यावरून खाली चित्रकलेच्या खोलीत घेऊन येते, आणि मी शेजारच्या खोलीत नववीचं वस्तुचित्र घेत होते. बादली, वीट आणि दोन वांगी. माझ्या वर्गात कुणी हूं की चूं करत नाही, त्यामुळे पलीकडचं हसणं भिंतीतून सरळ आत येत होतं. माझी मुलं मान वर न करता कान तिकडे लावून बसली होती. शिक्षकाला ते पाठीमागूनही कळतं.

एकवीस वर्षं मी ह्या शाळेत चित्रकला शिकवते आहे. ग्रेडच्या परीक्षांना दर वर्षी आमची चाळीस मुलं बसतात आणि पस्तीस पास होतात, ती काही चिंध्या वाटून नव्हे. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून जूनमध्ये मीच मुख्याध्यापक गुप्तेसरांना म्हटलं, सहावी ते आठवी दुसऱ्या कुणाला तरी द्या, मला दिवसाचे सहा जिने झेपत नाहीत. त्यांनी वर्षाच्या हंगामी ऑर्डरवर नयनाला आणलं. नयना माझीच विद्यार्थिनी. वडील रिफायनरीत फिटर, घरात कुणी पेन्सिल धरलेली नाही. पाचवीत तिचं बोट धरून पहिला लंबगोल मी काढून घेतला. पुढे ती फाइन आर्ट्सला गेली आणि शहाणी होऊन परत आली.

म्हणजे हे मी माझ्या हाताने ओढवून घेतलं आहे. दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नाही.

७ डिसेंबर, सोमवार

नयना प्रत्येक नवं चित्र आधी मला आणून दाखवते. "बाई, उद्या हे घेऊ का वर्गात?" विचारणं कसलं, मिरवणं आहे ते.

आजचं चित्र इथल्याच, बडोद्याच्याच एका चित्रकाराचं. अख्खं गाव एका चौकटीत. घरं वरून दिसतात, माणसं बाजूने, रस्ता भिंतीसारखा उभा चढत गेलेला. मी म्हटलं, "ह्याचं यथादर्शन चुकलंय." ती एकदम खुलली. "हो ना बाई! म्हणूनच तर!"

म्हणूनच काय? मी विचारलं नाही. तिला समजावून सांगायची फार हौस आहे.

दुपारच्या सुट्टीत आनंदी आली. आठवीतली, पाणीगेटची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सहावीपासून ही मुलगी सुट्टीत माझ्या टेबलापाशी उभी राहून पेन्सिलींना टोकं करते, मी काही बोलले नाही तरी. म्हणाली, "बाई, नयनाटीचरने आज तुमचं नाव घेतलं. म्हणे रेष शिकायची असेल तर निरुपमाबाईंकडे जा, तशी रेष अख्ख्या बडोद्यात कुणाची नाही."

ऐका! म्हणजे रंग तिच्याकडे, कल्पना तिच्याकडे, डोकं तिच्याकडे, आणि बाईंकडे काय, तर रेष. एवढ्या सफाईने मला कुणी अडगळीत टाकलं नव्हतं.

१५ डिसेंबर, मंगळवार

आज कागद कापले. एक म्हातारा फ्रेंच चित्रकार, आजारपणात उभं राहवेना, तर अंथरुणात बसून कात्रीने रंगीत कागद कापायचा आणि ते चिकटवून चित्रं करायचा. नाव मला लिहिता येत नाही आणि शिकायचंही नाही. उतरायण जवळ आली आहे, तेव्हा नयनाने पतंगाचे कागद आणले. आधी पेन्सिलीने आखायचं नाही, कात्री हीच पेन्सिल, असा नियम. सगळा वर्ग जमिनीवर लोळण घेत होता.

गुप्तेसर दारात उभे राहून बघत होते. मला पाहून म्हणाले, "निरुपमाबाई, काय मजा आणलीय हो ह्या मुलीने!" मी म्हटलं, "मजा आहेच. केर कोण काढणार तेवढं ठरवा."

घरी आल्यावर जुन्या लग्नपत्रिका काढल्या आणि सहज, नुसतं बघावं म्हणून, कापल्या. त्यात काय अवघड आहे हे कळायला हवं ना. दीड तास गेला. माधव कचेरीतून आला तर चहासुद्धा टाकलेला नव्हता. म्हणाला, "अगं, एकटीच काय हसतेस?" मी हसत नव्हते. सगळे तुकडे केराच्या डब्यात टाकले. एक निळा तेवढा ह्या वहीत ठेवला आहे, खुणेला बरा म्हणून.

२३ डिसेंबर, बुधवार

ग्रेड परीक्षेच्या शनिवारच्या जादा वर्गातून चार मुलं कमी झाली. शनिवारी नयना मुलांना घेऊन मोठमोठी चित्रं करते, तिकडे गेली. त्या चौघांत आनंदी आहे. मला सांगायला आली, एवढं खरं. "बाई, मला तिथे नी फार गमतं," म्हणाली. मी म्हटलं, "जा की, मी कशाला अडवू?" ती तरी थोडा वेळ उभी राहिली. मग गेली. पेन्सिलींना टोकं मीच केली.

संध्याकाळी नयनाने पुन्हा एक चित्र दाखवलं. बडोद्यातच राहिलेल्या, आता हयात नसलेल्या एका चित्रकार बाईंचं. नुसत्या रेषा. केसाएवढ्या बारीक, तिरप्या, एकामागून एक, मध्येच विरळ होत गेलेल्या. ना झाड, ना घर, ना माणूस. मी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. अशा रेषेसाठी श्वास कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा ते मला माहीत आहे. आणि हेही कळलं, की ते माहीत असून मी आयुष्यभर त्या श्वासावर बादल्या काढल्या.

"बाई, हे फक्त तुमच्यासाठी आणलं. वर्गासाठी नाही," नयना म्हणाली.

मी म्हटलं, "फूटपट्टी लावून कुणीही काढेल."

तिने हे चित्र मला दाखवायलाच नको होतं.

४ जानेवारी १९९९, सोमवार

नवीन वर्षाची नवीन बातमी. जिल्ह्यातल्या शाळांचं मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार आहे, महिनाअखेरीस. नयना वीस चित्रं पाठवणार. गुप्तेसरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, की पाच फेब्रुवारीला ट्रस्टींची मीटिंग आहे, तिथे नयनाला कायम करायचं की नाही ते ठरेल, आणि प्रदर्शनात शाळेचं नाव झालं तर काम सोपं होईल. नाही झालं तर मराठी शाळेत दोन-दोन चित्रकलेचे शिक्षक कशाला, असं विचारणारे ट्रस्टी आहेतच. तसं झालं तर सगळे वर्ग पुन्हा माझ्याकडे. वरच्या मजल्यावरचं सामान खाली आणून देऊ, असंही सर म्हणाले. मी बरं म्हटलं.

मग मला विचारलं, "निरुपमाबाई, चित्रं निवडायला तुम्ही मदत कराल ना?"

मी म्हटलं, "नको हो सर, त्या भानगडीत मी नाही. मला त्यातलं वरचं कुठलं आणि खालचं कुठलं तेही कळत नाही." सगळे हसले. गणिताच्या नलिनीबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. नयनाही हसली, पण जरा उशिरा.

घरी येताना रिक्षात मनातल्या मनात म्हणत होते, देवा, नको होऊ दे हिचं नाव. असं लिहायला लाज वाटते. पण ही वही कुणी वाचणार नाही, आणि मी तसं म्हटलं हे खरं आहे.

१६ जानेवारी, शनिवार

उतरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उतरायण, दोन दिवस अगाशीवर. आमच्या सुभानपुऱ्यातली सगळी सोसायटी वर, पतंग चगवणारे आणि ओरडणारे. मी मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या लावत होते.

आज शाळेत आनंदीचं चित्र पाहिलं. पाहायला गेले नव्हते, दोरीवर वाळत होतं आणि दार उघडं होतं. नयनाने त्या अख्ख्या गावाच्या चित्राला धरून सांगितलं होतं, की ज्या वस्तूभोवती तुमचं घर फिरतं ती सगळ्यांत मोठी काढा, बाकी सगळं तिच्याभोवती. कुणी टीव्ही काढला, कुणी शिलाई मशीन. आनंदीने पाण्याचा माठ काढला आहे. घरापेक्षा मोठा. त्याच्याभोवती त्यांची पोळ, तिच्यातली दाटीची घरं, सायकलींची चाकं, भाजीची हातलारी, शेजारणी, सगळी माणसं माठाकडे तोंड करून. मातीचा रंग तिला कुठे सापडला कोण जाणे. आतून ओला वाटतो.

मी बराच वेळ उभी होते. चांगलं आहे. फार चांगलं आहे. पाचवी ते सातवी तीन वर्षं माझ्याकडे होती, तेव्हा ह्या मुलीने असं एकही चित्र काढलं नाही.

फक्त माठाचं तोंड वाकडं आहे. डावीकडे खाली घसरलेलं, लंबगोल नाहीच. पाचवीत शिकवलेली गोष्ट.

२० जानेवारी, बुधवार

उद्या चित्रं प्रदर्शनाला जायची. दुपारच्या सुट्टीत मी शाईची बाटली आणायला चित्रकलेच्या खोलीत गेले. नयना गठ्ठ्यासाठी पुठ्ठे आणायला बाजारात गेली होती. वीसही चित्रं टेबलावर पसरलेली, आनंदीचं सगळ्यांत वर.

ते तोंड काही बघवेना. पातळ रंगाने खालची कड पुसली, ब्रश भरला, हवेत दोन फेरे मारले आणि एका श्वासात लंबगोल बसवला. अर्धं मिनिट लागलं असेल. कितीतरी वर्षं परीक्षेआधी प्रत्येकाच्या कागदावर हात फिरवत आले आहे, त्यात विशेष काही नाही. सगळेच चित्रकलेचे शिक्षक करतात. आमच्या मास्तरांनीही माझ्या कागदांवर केलं होतं.

उलट नयनाने आभार मानायला हवेत. वाकड्या तोंडाचा माठ पाठवला असता तर शाळेत शिकवायला कुणी आहे की नाही, असं लोकांनी म्हटलं असतं.

शाईची बाटली तिथेच राहिली.

२९ जानेवारी, शुक्रवार

काय लिहू, कसं लिहू. सरळ क्रमाने लिहिते.

प्रदर्शनाचं पारितोषिक ठरवायचा दिवस. मी जाणार नव्हते. नलिनीबाईंनी ओढून नेलं. हॉलमध्ये आमच्या शाळेची चित्रं शिरल्याबरोबर समोर. लोक थांबत होते. इतर शाळांची चित्रं आमच्या ग्रेड परीक्षेसारखीच, मोर, घर, सूर्य, नारळाची झाडं. आमची वेगळी दिसत होती. नयना एका कोपऱ्यात मुलांबरोबर उभी होती, नवी साडी नेसून.

परीक्षक एक म्हातारे गुजराती गृहस्थ, खादीचा झब्बा, हातात भिंग. आनंदीच्या चित्रापुढे ते इतका वेळ थांबले, की नलिनीबाई माझ्या कानात म्हणाल्या, "लागलं बघा पहिलं बक्षीस." त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग ते वाकले, भिंग लावलं आणि हसू गेलं. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "चित्र छोकरीनुं ज छे. पण आ माटलानुं मोढुं एनुं नथी. आ मोटा माणसनो हाथ छे." आणि वर आणखी म्हणाले, "आवी लाइन वीस वरस वगर आवे नहि."

चित्र मुलीचं, पण माठाचं तोंड मोठ्या माणसाच्या हातचं, आणि अशी रेष वीस वर्षांशिवाय येत नाही.

आता जे खरं ते लिहिते. ते ऐकून मला आधी आनंद झाला. त्या एवढ्या सगळ्या रंगांत त्यांना माझी रेष दिसली! मग नियमाचं कळलं. मोठ्यांनी हात लावलेलं एकही चित्र सापडलं तर त्या शाळेची सगळी चित्रं बाद. वीसही उतरवली. मुलं बघत होती. नयना परीक्षकांना काहीतरी सांगत होती, ते मान हलवत होते. आनंदी तिच्या चित्राजवळ जाऊन नाक लावून बघत होती.

३० जानेवारी, शनिवार

गुप्तेसरांनी नयनाला बोलावलं आणि ज्येष्ठ शिक्षिका म्हणून मलाही. आनंदीला आधीच विचारून झालं होतं. तिने सांगितलं होतं, "मी तोंड वाकडंच काढलं होतं. ते सरळ कुणी केलं मला माहीत नाही. पण नयनाटीचरने नाही केलं." सर म्हणाले, टीचरवर जीव आहे तिचा, ती दुसरं काय सांगणार.

मग सर आम्हाला बाहेर फळ्यापाशी घेऊन गेले. सव्वीस जानेवारीसाठी नयनाने खडूने कलश काढला होता, तो अजून पुसलेला नाही. त्यांनी आनंदीचं चित्र त्याच्या शेजारी धरलं. "मी काही चित्रकार नाही," म्हणाले, "पण डोळे आहेत मला. बघा, कलशाच्या तोंडाची रेष जिथे येऊन मिळते तिथे थोडी पुढे जाते आणि बारीक होते. इथे माठालाही तसंच शेपूट. हात एकच आहे."

बरोबर आहे. रेष मिटताना थांबायचं नाही, पुढे जाऊन मग उचलायची, हे मी शिकवते. नयनाला पाचवीत शिकवलं. तिची रेष म्हणजे माझीच रेष, हे इतक्या वर्षांत मला एकदाही दिसलं नव्हतं. ती माझं काहीच घेऊन गेली नाही असं मी समजत होते.

नयना चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, मी हात लावलेला नाही."

"मग कुणी लावला?"

"मला सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही म्हणे! सरळ माहीत नाही म्हणायचं. अशा बोलण्याने संशय वाढतोच. सरांचाही वाढला. म्हणाले, ट्रस्टींना काय तोंड दाखवू? माझ्यावर कुणाची नजर जायचं कारणच नव्हतं. त्या भानगडीत मी नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं ना.

मी काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, पण सर पुढे बोलायला लागले.

१ फेब्रुवारी, सोमवार

पाच तारखेपर्यंत नयनाने वर्ग घ्यायचे नाहीत, असं ठरलं. सहावी ते आठवी माझ्याकडे. हेच हवं होतं ना? मिळालं. जिने चढले. गुडघे दुखले.

शिक्षकांच्या खोलीत नयना रिकामी बसून असते. आज डबा खाताना माझ्याजवळ आली, हरणी भागातल्या कुणा ओळखीच्या बाईंनी केलेलं गुंदाचं लोणचं मला वाढलं. "बाई, जिन्यावर सांभाळून जा," म्हणाली. मी घास गिळला. लोणचं चांगलं होतं.

माधवला विचारलं, एखाद्याने काही चुकीने केलं आणि त्याचं दुसऱ्यावर आलं, तर काय करावं? तो वर्तमानपत्रातून म्हणाला, "चुकीने केलं असेल तर लगेच सांगावं." मग पेपर खाली करून म्हणाला, "आणि लगेच सांगितलं नसेल तर ती चूक नव्हती." मी म्हटलं, चहा घेणार का?

४ फेब्रुवारी, गुरुवार

आज आठवीचा तास. मी टेबलावर एक माठ ठेवला, शाळेतलाच, पिण्याच्या पाण्याचा. वस्तुचित्र. सगळा वर्ग गप्प. तीच शांतता, माझी नेहमीची, पण आज ती मला सोसेना.

आनंदी शेवटच्या बाकावर. तिच्याजवळ गेले. म्हटलं, "तुमच्या घरचा माठ खरंच वाकडा आहे का गं?"

"हो बाई. कुंभाराकडेच वाकडा भाजला. आई मुद्दाम तोच लाई, त्याच्याकडून निवडून. सरळ माठ असला की शेजारच्या बायका लग्नाला, वास्तुशांतीला मागून नेतात आणि फुटून परत येतो. वाकडा कुणी मागत नाही. आमचा नऊ वर्षांचा आहे."

एवढं सांगून तिने मान खाली घातली आणि कागदावर पेन्सिल फिरवायला लागली. हवेत दोन फेरे, मग एका श्वासात लंबगोल. अगदी सरळ. मिटताना रेष थोडी पुढे नेली, बारीक केली आणि उचलली. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "असंच पाहिजे ना बाई?"

उद्धटपणे नाही म्हणाली. खरंच विचारलं. कागदावर फक्त ते तोंड होतं, माठ काढायची तिला इच्छाच नव्हती.

तास संपायच्या आत मी खाली उतरले. गुप्तेसरांना फळ्यापाशी बोलावलं, खडू घेतला आणि नयनाच्या कलशाच्या शेजारी लंबगोल काढला. एक, दोन, तीन. म्हटलं, "सर, ह्यातला फरक दाखवा." त्यांनी तीन वेळा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"निरुपमाबाई, तुम्ही?"

"मी. वीस तारखेला, दुपारच्या सुट्टीत."

"पण का?"

"वाकडं होतं म्हणून," मी म्हटलं.

ते खोटं नाही. पण तेवढंच खरं नाही. नयनावरून माझा जळफळाट होत होता. ते चित्र माझ्याकडे असताना झालं नाही आणि तिच्याकडे झालं, म्हणून त्यात माझं काहीतरी असावं असं मला वाटलं. आणि नंतर गप्प बसले ते तर सरळच, ती जावी म्हणून. हे सरांना सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

त्यांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. मी खाली सही केली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग झाली. नयनाला कायम केलं. माझ्या सर्व्हिस बुकात ठपक्याचा शेरा आणि ह्या वर्षीच्या ग्रेड परीक्षेचा वर्ग माझ्याकडून काढला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. प्रदर्शनवाल्यांना शाळेने माफीचं पत्र पाठवलं, पण चित्रं काही पुन्हा लागणार नाहीत. आनंदीचं बक्षीस गेलं ते गेलंच. तिला मी काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

नलिनीबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाच्या सुमारास नयना घरी आली. स्कूटर लावून, चप्पल बाहेर काढून, पाचवीत यायची तशी दारात उभी. माधवने बसवलं, पाणी दिलं आणि शहाण्या माणसासारखा भाजी आणायला निघून गेला.

मी ठरवलं होतं की माफी मागायची. दोन वाक्यं तयार केली होती. पण बोलले ते भलतंच. म्हटलं, "त्या दिवशी सरांना माहीत नाही असं सरळ का नाही सांगितलंस?"

"माहीत होतं म्हणून, बाई."

"केव्हापासून?"

"प्रदर्शनात परीक्षकांनी बोट ठेवलं तेव्हाच. ती रेष मी ओळखणार नाही होय?" ती पेल्याकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. दोन-तीन दिवसांत सांगाल. मग वाटलं, नाही सांगणार. मग म्हटलं, असू दे."

"असू दे? नोकरी गेली असती तुझी! घरी वडील..."

"हो."

"मग माझं नाव घ्यायला काय झालं होतं?"

तिला हा प्रश्न कळलाच नाही असं वाटलं. म्हणाली, "तुमचं नाव मी कसं घेणार, बाई?"

माफीची वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली. मला तिचा भयंकर राग आला. पोहे करते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आठ दिवस ही मुलगी माझ्यासमोर डबा उघडून बसत होती, मला लोणचं वाढत होती, जिन्यावर सांभाळून जा म्हणत होती, आणि सगळं तिला माहीत होतं. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी, सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत, नाव सांगून मोकळी झाले असते. ह्यात मला तिळमात्र शंका नाही.

पोहे खाल्ले तिने. तिखट झाले होते, तरी पुन्हा घेतले. जाताना माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माफी मागितली, अगदी हळू, तिला ऐकू गेली की नाही कोण जाणे.

दुपारभर स्वतःशी खरं बोलायचा प्रयत्न करते आहे. तिच्या पुठ्ठ्यांचा, तिच्या भोवतीच्या मुलांचा, भिंतीपलीकडच्या त्या हसण्याचा इतके महिने केलेला हेवा आता किरकोळ वाटतो. पण हेवा गेलेला नाही. आज सकाळपासून तो पहिल्यापेक्षा जास्त आहे. रेष तिला मी शिकवली, पेन्सिल धरायला मी शिकवली. पण ते आठ दिवस ती जशी गप्प राहिली, ते तिला मी शिकवलेलं नाही.